किकरी वाजवणाऱ्याचे नाव

लोकगीत कुणा एकाचे नसते, असे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते समूहाचे असते, पिढ्यांमागून पिढ्या वाहत येते आणि गाणारा केवळ निमित्त असतो. 'पॉप' गायकाची गोष्ट मात्र वेगळी मानली जाते. त्याला जन्मगाव असते, पहिली संधी असते, गाजलेले वर्ष असते, पडता काळ असतो, म्हणून त्याचे चरित्र लिहिता येते. ही वाटणी मला उथळ वाटते. तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या परधान गायकाकडे पाहिले की ती अन्याय्यही वाटू लागते.

माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. राजगोंड आदिवासींच्या देवकथा किकरी या तंतुवाद्यावर गाणारा परधान हा पुऱ्या अर्थाने व्यावसायिक आणि लोकप्रिय गायक आहे. त्याच्या कामाला बांधलेला करार आहे, तालीम आहे, फिरतीचा इलाखा आहे, मोबदला आहे आणि चूक पकडणारा श्रोताही आहे. गायकाच्या आयुष्याला 'कारकीर्द' म्हणण्यासाठी एवढे पुरे. तरीही त्याची कारकीर्द कुठे लिहिली गेलेली नाही, कारण 'लोककला' हे खाते उघडताना आपण त्याच्या नावाचा रकानाच ठेवला नाही.

परक्या भाषेत गाणारी ग्रीक गायिका

मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून दूरच्या एका गायिकेपासून सुरुवात करतो. नाना मूस्कूरी यांचा जन्म 1934 साली क्रीट बेटावरच्या खानिया गावी झाला. वडील सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवत. अथेन्सच्या संगीत विद्यालयात त्या शास्त्रीय गायन शिकत होत्या, पण रात्री क्लबात जॅझ गातात म्हणून ते शिक्षण तुटले. संगीतकार मानोस हाजिदाकिस यांच्या गाण्यांनी त्यांचे नाव झाले. 1961 साली त्यांनी अथेन्सच्या पांढऱ्या गुलाबांचे एक गाणे जर्मनमध्ये गायले आणि जर्मनीत त्याच्या दहा लाखांहून अधिक तबकड्या खपल्या. मग त्या पॅरिसला गेल्या. 1963 च्या युरोव्हिजन स्पर्धेत त्या उतरल्या, त्या लक्झेंबर्गच्या वतीने. फ्रेंच, जर्मन, इंग्रजी, स्पॅनिश अशा अनेक भाषांत त्या गायल्या. पुढे 1994 ते 1999 या काळात त्या युरोपीय संसदेच्या सदस्यही होत्या.

या कारकिर्दीतली दोन कलमे मला इथे हवी आहेत. एक, त्यांचे नाव मोठे झाले ते मातृभाषेबाहेर, श्रोत्याच्या भाषेत. दोन, त्यामुळे त्या खोट्या किंवा उपऱ्या आहेत असे कुणी म्हटले नाही. गायकाने श्रोत्याच्या भाषेवर हुकमत मिळवणे हे त्याच्या धंद्याचे कौशल्य मानले गेले. आता हीच दोन कलमे हातात घेऊन पैनगंगा ओलांडू आणि आदिलाबादेत जाऊ.

पहिला मुद्दा : घरात मराठी, किकरीवर गोंडी

आदिलाबादच्या परधानांची घरातली बोली मराठी आहे. चुलीपाशी, शेतात, लेकरांशी ते मराठीत बोलतात. पण तीन तारांची किकरी खांद्याला लावून गज फिरवला की कथा सुरू होते ती गोंडीत, कारण यजमान गोंड आहे आणि कथा त्याच्या कुळाची आहे. गोंडांचा सारा पुराणवारसा ज्यांनी पाठ करून जपला, त्यांची मातृभाषा गोंडी नाही. मराठी वाचकाने या एका वस्तुस्थितीपाशी जरा थांबावे.

'अस्सल गाणे मातृभाषेतूनच येते' हा समज एवढ्यानेच ढासळतो. परधानाची गोंडी ही कमावलेली भाषा आहे. ती त्याने बापाच्या मागे बसून, साथ करत करत, ओळी उचलत मिळवली. समोर बसलेल्या म्हाताऱ्या गोंडाला ती जन्मजात येते. म्हणून शब्द चुकला, कुळातल्या पूर्वजाचे नाव मागेपुढे झाले, तर ते तिथल्या तिथे पकडले जाते. परक्याच्या भाषेत, त्याच्याच घरी, त्याच्याच वाडवडिलांची कथा रात्रभर गायची आणि त्याला मान डोलवायला लावायची, हे काम 'आपोआप वाहत येणाऱ्या परंपरे'चे नव्हे. त्यामागे कसब आहे, आणि कसब नेहमी कुणातरी एका माणसाचे असते.

आपण मराठी माणसे या गोष्टीला आजवर का भिडलो नाही, याचेही उत्तर इथेच आहे. गाणे गोंडी म्हणून मराठीच्या अभ्यासकाने ते आपले मानले नाही. गाणारा मराठी बोलतो म्हणून गोंडीच्या अभ्यासकाला तो केवळ वाहक वाटला. दोन भाषांचा धनी असलेला हा माणूस दोन्हीकडच्या नोंदवह्यांतून निसटला.

दुसरा मुद्दा : यजमानकी हा करारच आहे

राजगोंडांचा समाज 'सगा' नावाच्या चार मोठ्या शाखांत विभागलेला आहे. आपल्याकडे त्यांना सातदेवे, सहादेवे, पाचदेवे, चारदेवे म्हणतात. प्रत्येक शाखेत कुळे, आणि कुळाला बांधलेली परधान घराणी. कुठल्या गोंड घरी कुठला परधान गाणार हे पिढीजात ठरलेले असते. पेर्सा पेन या कुळदेवाच्या पूजेला त्याचीच कथा लागते. लग्नात त्याचे काम असते, मयतीनंतरच्या विधीतही असते. मोबदला म्हणून धान्य, कपडे, रोकड, आणि मोठ्या प्रसंगी गायबैलही मिळतात. त्याच्यावाचून विधी पुरा होत नाही, आणि यजमानाच्या घरावाचून त्याचे पोट चालत नाही.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. माहूरच्या रेणुकेचा गोंधळ घालणाऱ्या गोंधळ्यांचीही घरे ठरलेली असतात आणि संबळ वाजवण्याचा हक्क वारशाने येतो. कीर्तनकाराला बिदागी मिळते. बिदागी घेतली म्हणून कीर्तन खोटे ठरले, असे आपण कधी म्हटले नाही.

यजमानकीत आणि रेकॉर्ड कंपनीच्या करारात फरक आहेच. कंपनीचा करार मोडता येतो, यजमानकी जन्माने चिकटते. कंपनी गाणे विकते, यजमान ते घरात ठेवतो. परंतु गायकाच्या बाजूने पाहिले तर दोन्हीकडे प्रश्न तेच आहेत. कुणासाठी गायचे, काय गायचे, किती वेळ गायचे आणि त्याचे काय मिळणार? हे प्रश्न ज्याच्या आयुष्यात रोज आहेत तो धंद्यातला गायक आहे.

तिसरा मुद्दा : धंदा बसला तो जमिनीमुळे

परधानांचे गाणे कमी का झाले, असे विचारले की ठरावीक उत्तर येते : टीव्ही आला, मोबाईल आला, तरुण पिढीला गोडी उरली नाही. हे उत्तर सोपे आहे म्हणून टिकले आहे. यजमानावर जगणाऱ्या गायकाची कमाई यजमानाच्या कोठारावर अवलंबून असते. म्हणून आधी विचारायला हवे की कोठाराचे काय झाले.

निजामाच्या राजवटीत आदिलाबादची जंगले राखीव होत गेली आणि गोंडांची कसती जमीन त्यांत अडकली. पाठोपाठ बाहेरून आलेल्या शेतकऱ्यांनी आणि सावकारांनी काळी जमीन हस्तगत केली. याच संतापातून गोंडांचा नेता कोमुरम भीम उभा राहिला आणि 1940 साली जोडेघाटला मारला गेला. आदिवासी क्षेत्रातली जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये म्हणून आंध्र प्रदेशाने 1959 चा विनियम केला आणि 1970 साली तो कडक केला, तरी हस्तांतर थांबले नाही. 20 एप्रिल 1981 रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसार 13 माणसे मेली.

हा इतिहास एरवी आदिवासी चळवळीच्या प्रकरणात सांगितला जातो. संगीताच्या इतिहासातही त्याला जागा हवी. ज्या पाटलाच्या वाड्यात पेनची पूजा दोन-तीन रात्री चालायची, त्याची जमीन गेली की पूजा एका रात्रीवर येते आणि कथेतली अर्धी प्रकरणे गाळावी लागतात. परधानाला बैल मिळत नाही, मग धोतरही मिळत नाही. त्याचा मुलगा हे पाहतो. तो मराठी बोलतो, गोंडी जाणतो, बाजारातली तेलुगूही त्याला येते. अशा मुलाला शाळेची आणि कचेरीची वाट लवकर सापडते, आणि परधानांच्या पुष्कळ घरांत ती सापडली. ती वाट धरल्याबद्दल त्याला दोष देणारा माणूस स्वतः बिनपगारी काम करत नसतो.

राज्यांच्या फेररचनेने आणखी एक घाव घातला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राजुरा आणि किनवटचा भाग आदिलाबाद जिल्ह्यातून निघाला. किनवट नांदेडला जोडले गेले. राजुराही आधी नांदेडकडे आणि 1959 साली चांद्याकडे गेला. कुळांच्या आणि यजमानांच्या जाळ्यातून राज्याची सीमा ओढली गेली. एका बाजूची शाळा तेलुगू झाली, दुसऱ्या बाजूची मराठी. गोंडी कुणाच्याच फळ्यावर उरली नाही. 2016 च्या ऑक्टोबरात तेलंगणाने जुन्या आदिलाबादचेही चार जिल्हे केले. परधानाचा इलाखा मात्र या कुठल्याच नकाशाप्रमाणे आखलेला नाही.

चौथा मुद्दा : नाव कुणाचे नोंदले गेले

क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ हे व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना हैदराबाद संस्थानात राहणे भाग पडले आणि ते व त्यांच्या पत्नी बेट्टी आदिलाबादच्या मारलवाईत राहिले. त्यांच्यामुळे तिथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडीची पाठ्यपुस्तके देवनागरीत तयार झाली. 1948 साली आदिलाबादच्या राजगोंडांवरचा त्यांचा ग्रंथ निघाला. गोंड देवकथा त्यात सविस्तर आहेत. गोंडांवर त्यांचे ऋण आहे आणि मारलवाई ते विसरलेली नाही. बेट्टी 1987 मध्ये गेल्या, हायमेंडॉर्फ 1995 मध्ये, आणि दोघांची स्मारके त्या गावात आहेत.

माझा आक्षेप त्यांच्यावर नाही, त्यानंतरच्या आपल्या वाचनाच्या सवयीवर आहे. त्या कथा आपण 'गोंडांच्या मिथककथा' म्हणून उद्धृत करतो. त्या परधान गायकांच्या मुखातून आल्या, हे तळटीपेतही राहत नाही. गाण्याचे श्रेय समाजाला, ग्रंथाचे लेखकाला, आणि मधला गायक हवेत विरतो.

असे व्हायलाच हवे होते का? दोन उदाहरणे सांगतात की नाही. मध्य प्रदेशातल्या पाटनगढचा जनगढसिंह श्याम परधानच होता. त्याच्या समाजातले गायक बाना हे वाद्य वाजवत. भोपाळच्या भारत भवनात जगदीश स्वामीनाथन यांनी त्याच्या हाती कागद आणि रंग दिले, आणि ज्या देवकथा गळ्यातून येत होत्या त्या चित्रांत उतरल्या. 2001 साली जपानमध्ये त्याचा मृत्यू झाला तोवर त्या शैलीला 'जनगढ कलम' हे नाव मिळाले होते. वारसा परधानांचाच होता. माध्यम भिंतीवर टांगता येणारे झाले आणि चित्राखाली सही करण्याची पद्धत आधीच रूढ होती, म्हणून नाव टिकले. दुसरे उदाहरण मारलवाईचेच. दिवाळीच्या दंडारीत मोरपिसांचा टोप घालून नाचल्या जाणाऱ्या गुसाडी नृत्याचे गुरू कनका राजू यांना 2021 साली पद्मश्री मिळाली, 2024 साली ते वारले. नर्तकाला नाव मिळू शकते, चित्रकाराला मिळू शकते. गळ्याने गाणाऱ्यालाच ते मिळत नाही, तेव्हा अडचण परंपरेत नसून आपल्या नोंदीच्या रीतीत आहे.

आदिलाबादच्याच गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांमुळे उजेडात आलेली गोंडी लिपी 2018 साली युनिकोडमध्ये दाखल झाली. आता गुंजाळा गोंडीतले अक्षर जगातल्या कुठल्याही संगणकावर उमटू शकते. लिपीची इतकी काटेकोर नोंद होऊ शकते, मग स्वरांची का होऊ नये?

आक्षेप

पहिला आक्षेप श्रद्धेच्या बाजूने येईल : पेनपुढे गायलेली कथा ही पूजा आहे, तिला 'धंदा' आणि 'कारकीर्द' म्हणणे हा अपमान आहे. मला तसे वाटत नाही. पूजा गोंडाची आहे आणि तिच्यात रात्रभर जागून गळा झिजवणारा परधान आहे. एकाची श्रद्धा आणि दुसऱ्याचे श्रम एकाच अंगणात शेजारी बसतात. श्रमांचे नाव घेतल्याने श्रद्धा उणी होत नाही. उलट श्रमांचे नाव न घेण्याची सवय सर्वांत जास्त सोयीची असते ती मोबदला बुडवणाऱ्याला.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा : मौखिक कथेला एक कर्ता नसतो. हे खरे आहे. पण कर्ता आणि गायक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रीसमधल्या रेबेतिको गाण्यांचेच पाहा. बंदरांतल्या, गरीब वस्त्यांतल्या या गाण्यांपैकी कितीतरी जुन्या गाण्यांचा कर्ता ठाऊक नाही. तरीही मार्कोस वामवाकारिस यांच्यासारख्या गायक-वादकांची नावे, त्यांचे गाजलेले काळ, त्यांची बैठक हे सारे ग्रीकांनी जपले आणि 2017 साली युनेस्कोने रेबेतिकोची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. कर्ता अज्ञात असणे हे गायकाला अज्ञात ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. एकच कथा दोन परधान गातात तेव्हा एक कुठे रेंगाळतो, दुसरा कुठे झपाट्याने पुढे जातो, हे यजमानाला बरोबर कळते. अमक्यालाच बोलवा, असा आग्रह तो धरतो तो उगीच नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला मी टाळू इच्छित नाही. परधान हा गोंडांच्या व्यवस्थेत खालच्या पायरीवर ठेवला गेला. ज्याच्या गाण्यावाचून देव प्रसन्न होत नाही, त्याच्या हातचे अन्न मात्र चालत नाही, हा भेद गोंड समाजातही होता. मग या यजमानकीला करार म्हणून गौरवणे म्हणजे विषमतेवर रंगरंगोटी करणे नाही का? जन्माने लादलेला धंदा मुलाने सोडला तर त्यात त्याची मुक्ती आहे, हे मी पूर्णपणे मान्य करतो. गाणे टिकावे म्हणून कुणा परधानाच्या मुलाने किकरीशी बांधलेले राहावे, असे म्हणण्याचा अधिकार मला नाही आणि कुणालाच नाही. म्हणूनच मी गाण्याला 'काम' म्हणण्याचा आग्रह धरतो. जे काम आहे ते सोडता येते, निवडता येते, त्याचा दर ठरवता येतो, आणि ज्याला परंपरेबाहेरून यायचे आहे त्याला ते शिकवता येते. पवित्र कर्तव्य म्हणून गळ्यात बांधलेली गोष्ट यांपैकी काहीच करू देत नाही.

इथे कायदाही परधानाच्या बाजूने आहे, पण तो वापरात नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली दुरुस्ती होऊन सादरकर्त्याचे हक्क आले. सादरकर्त्याच्या व्याख्येत गायक आणि वादक आहेत, नर्तक आहेत, जादूगार आहेत, सापाचे खेळ करणारा गारुडीसुद्धा आहे. सादरीकरणापासून 50 वर्षे हा हक्क टिकतो. म्हणजे कुणी परधानाचे गाणे ध्वनिमुद्रित करून विकले तर त्याच्या संमतीचा आणि मोबदल्याचा प्रश्न उभा राहतो. पण हक्क ज्याला आहे त्याचे नाव ध्वनिफितीवर 'आदिवासी लोकगायक' एवढेच लिहिले असेल, तर हक्क मागायला कोण येणार? नावाचा मुद्दा हा असा थेट पैशाचा मुद्दा आहे.

चरित्र कसे लिहायचे

सामग्रीच नाही, चरित्र कशाच्या आधारे लिहिणार, असे कुणी म्हणेल. सामग्री माणसांत आहे आणि प्रश्न साधे आहेत. गाणे कुणाकडून घेतले, बापाकडून की चुलत्याकडून? साथ करता करता मुख्य गायकाच्या जागी पहिल्यांदा कधी बसलात, कुणाच्या अंगणात? यजमानांची घरे किती होती, कुठल्या गावांत, त्यांतली किनवट-राजुराकडे किती गेली? कोणती कथा पुरी येते, कोणती अर्धी, आणि अर्धी का राहिली? पहिली मोठी देणगी काय मिळाली? शेवटचा बैल कुठल्या वर्षी मिळाला? किकरी कुणी बनवली, तार तुटली तर आता कुठून आणता? मुलगा काय करतो, तो ऐकतो का? मूस्कूरींच्या चरित्रकाराने त्यांना याच जातीचे प्रश्न विचारले असते.

हे काम आदिलाबादच्या तेलुगू अभ्यासकालाही करता येईल. पण त्याला दुभाष्या लागेल. मराठी माणसाला लागणार नाही. नागपूर, अमरावती, नांदेड, गोंडवाना या विद्यापीठांतल्या संगीत आणि मराठी विभागांनी ठरवले तर एका उन्हाळ्यात दहा गायकांच्या तपशीलवार मुलाखती होऊ शकतात, त्यांच्या नावानिशी, संमतीने आणि मानधन देऊन. बेला, जैनद या मंडळांत बस थांबते तिथे मराठी बोलली जाते. किनवट, माहूर, पांढरकवडा, राजुरा तर आपल्याच राज्यात आहेत. तिथल्या शिक्षकांना, पत्रकारांना, महाविद्यालयातल्या मुलांना माझी विनंती आहे. पुढच्या पुस महिन्यात केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेला जाल, किंवा गावात एखाद्या गोंडाघरी पेनची पूजा असेल, तर किकरी थांबल्यावर त्या म्हाताऱ्याजवळ बसा आणि आधी त्याचे नाव विचारून लिहून घ्या. तो तुमच्याशी मराठीतच बोलेल.